आग कुणी पाहिली?

आपली तपकिरी शेळी व्याल्याचं ऐदाहिसने विहिरीवर सांगितलं, तेव्हा तिथे बसलेले चौघे जण उठले आणि शेळी बघायला गेले. शेळी खरंच व्याली होती. दोन करडं होती, एक काळं आणि एक पांढऱ्या कानांचं. चौघांनी करडं उचलून पाहिली, उलटीपालटी केली, आणि परत विहिरीवर जाऊन बसले. ऐदाहिसला कुणी काही बोललं नाही. पण त्या दिवशी त्याने भाकरी तशीच ठेवली.

"तोंड पाडून बसू नका," त्याची बायको दहाबो म्हणाली. "माणसं दारात आली म्हणून मला सगळ्यांना दूध द्यावं लागलं. अब्रू तुमची गेली आणि दूध माझं."

"त्यांना मी बोलावलं होतं का?"

"नाही ना. तुमच्यावर कुणी विश्वास ठेवला असता तर ती आलीच नसती."

 दोन महिने हे असंच चाललं होतं.

या वाळवंटातला अफार माणूस उंटावाचून राहील, पाण्यावाचूनही एखादा दिवस काढील, पण दागूवाचून तो जगत नाही. वाटेत दोघे भेटले की एकमेकांचा हात ओठांना लावायचा, उकिडवं बसायचं, आणि घरून निघाल्यापासून काय काय पाहिलं, काय ऐकलं, ते सगळं सांगायचं. कुठल्या विहिरीला पाणी आहे, कुणाची सांडणी हरवली, कोण आजारी, कोण मेलं. यालाच दागू म्हणतात. ती ऐकली की उठून पुढे भेटेल त्याला द्यायची. घाई असली तरी बसायचं. फक्त एक पथ्य कडक पाळायचं: डोळ्यांनी पाहिलं ते 'पाहिलं' म्हणून सांगायचं आणि दुसऱ्याकडून कळलं ते 'ऐकलं' म्हणून. त्यात गल्लत करायची नाही.

ऐदाहिसने गल्लत केली होती.

तो दोदोमच्या तळावरून प्रवाशांना अर्ता आलेवर, म्हणजे धुराच्या डोंगरावर, त्याच्या पोटातली धगधगती आग दाखवायला घेऊन जायचा. वीस वर्षं हेच काम. तीन महिन्यांपूर्वी गुडघा दुखत होता म्हणून तो माथ्यावरच्या दगडी खोपट्यांत पडून राहिला आणि बरोबरचे दोघे प्रवाशांना घेऊन डोंगराच्या तोंडाच्या कडेपर्यंत गेले. परत आल्यावर ते म्हणाले, "आज नुसता धूर." दुसऱ्या दिवशी विहिरीवर दागू देताना ऐदाहिस रंगात आला होता. लोक कान टवकारून ऐकत होते. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आग विझली. मी पाहिलं."

बस्स. तीन दिवसांत ते अफदेरापर्यंत गेलं, पाचव्या दिवशी सेमेराला. जीपगाड्या यायच्या थांबल्या, तळावरचे उंट नुसते बसून काटे चघळू लागले. आणि तिसऱ्या आठवड्यात पलीकडच्या बाजूने एक गुराखी आला आणि म्हणाला, "विझली? काल तर माझ्या मेंढ्या त्या उजेडाला बिचकत होत्या."

कुळाचा वडीलधारा वाग्रिस. त्याने ऐदाहिसला बाभळीखाली बोलावलं. फार बोलला नाही.

"तू पाहिलंस?"

"नाही, अब्बा."

"बरोबरच्यांनी विझलेली पाहिली?"

"त्यांनी धूर पाहिला."

"मग विझवली कुणी?"

ऐदाहिस मातीत बोटाने रेघा ओढत बसला. वाग्रिसने निकाल दिला तो असा: ऐदाहिसची दागू ऐकायला हरकत नाही, पण इथून पुढे ती कुणी नेऊ नये. तो एकदा वर जाऊन, नीट पाहून येईल, तेव्हा त्याची दागू बसून तोलू. मग ठरवू.

तेव्हापासून ऐदाहिस बोलला की लोक मान डोलवायचे, आणि त्याचं बोलणं तिथेच त्यांच्या पायाशी पडून राहायचं.

म्हणून पुढची जीप आली तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला. पाळी त्याचीच होती. पण जीपमधून उतरली ती एकच बाई, साठीच्या पुढची, ठेंगणी, डोक्याला पांढरी ओढणी, हातात छत्री. वरच्या मुलखातल्या देसे गावची शाळामास्तरीण, नुकतीच निवृत्त झालेली. नाव वुबित.

"भूगोल शिकवायचे," तिने अम्हारीत सांगितलं. ऐदाहिसला ती भाषा बरी येत होती. "बत्तीस वर्षं पोरांना या डोंगराचं चित्र काढून दाखवलं. फळ्यावर, लाल खडूने. म्हटलं मरायच्या आधी खरा बघावा."

"बाई, वर चालत जावं लागतं. चार तास."

"देसे डोंगरावर आहे. मी रोज शाळेत चालत जायचे. तुझा गुडघा कसा आहे? लंगडतोयस."

ड्रायव्हर हसला, जीपखाली सावलीत अंथरूण टाकून आडवा झाला, आणि ऊन कलताच हे दोघं निघाले. बरोबर एक उंट, त्यावर पाणी आणि चटया.

वाटेत बाईंचं तोंड बंद नव्हतं. काळा दगड कसा झाला, लाटा कशा गोठल्या, सगळं त्या सांगत होत्या. ऐदाहिस त्या दगडावर लहानाचा मोठा झाला होता. तो 'हां, हां' करत होता.

"ही जमीन दर वर्षी फाटत चालली आहे," बाई म्हणाल्या. "नखाएवढी. एक दिवस इथे समुद्र येईल."

"पाहिलंत?"

"काय?"

"फाटताना पाहिलंत?"

"अरे, ती डोळ्यांना दिसते का? पुस्तकात आहे."

"म्हणजे ऐकलंत."

"वाचलं!"

"वाचलं म्हणजे कागदाकडून ऐकलं."

बाई थांबल्या. छत्रीचं टोक दगडावर टेकवून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. वर्गात कुणी पोराने उलट उत्तर दिलं असतं तर त्यांनी जसं पाहिलं असतं तसं.

"बरं," त्या म्हणाल्या. "ऐकलं. तू कशाला एवढा काथ्याकूट करतोस?"

मग त्याने सगळं सांगितलं. शेळीचंही सांगितलं. बाई शेळीच्या गोष्टीला इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. ऐदाहिसला आधी राग आला, मग तोही हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"म्हणजे उद्या तुला आग दिसलीच पाहिजे," डोळे पुसत बाई म्हणाल्या.

"दिसलीच पाहिजे."

"आणि नाही दिसली तर?"

ऐदाहिसने उंटाची दोरी ओढली. तो विचार त्याने अजून केला नव्हता.

अंधार पडता पडता ते माथ्यावरच्या खोपट्यांपाशी पोचले, भाकरी खाल्ली आणि झोपले. पहाटे फटफटताच ऐदाहिस उठला. बाई आधीच बूट घालून तयार होत्या.

खोपट्यांच्या पुढे उतार आहे आणि उताराखाली नवा दगड. वरून कडक, आतून पोकळ. पायाखाली तो वाळलेल्या भाकरीसारखा मोडतो. कुठे पाय ठेवायचा हे माणसाच्या तळपायाला कळावं लागतं. ऐदाहिसने बाईंना ताकीद दिली, "माझ्या पावलावर पाऊल. इकडेतिकडे नाही." आणि दहा पावलं गेला नाही तोच त्याचा स्वतःचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

"हलू नकोस," बाई म्हणाल्या. छत्री आडवी टाकून त्या तिच्यावर टेकल्या, त्याला काखेत धरलं आणि ओढलं. ठेंगण्या बाईंच्या अंगात एवढं बळ असेल असं त्याला वाटलं नव्हतं. नडगी खरचटली, चप्पल आतच राहिली. ती मागाहून काठीने काढली.

"बत्तीस वर्षं बाकांखालून पोरं ओढून काढली आहेत," बाई म्हणाल्या. "चल."

कडेपाशी पोचले तर पुढे धूर. पांढरा, पिवळसर, घट्ट. आत मोठा डेरा घुसळावा तसा आवाज येत होता. गंधकाने घसा सोलवटून निघत होता. दोघांनी तोंडाला ओली फडकी बांधली आणि वाऱ्याकडे पाठ करून बसले. वाट बघत.

ऊन वर आलं. धूर हलेना. वाऱ्यावर काचेचे बारीक केस उडत होते. आग उसळली की तिचे धागे होऊन ते असे भरकटतात, कपड्यांना चिकटतात, हाताला टोचतात. ऐदाहिसला ते नवे नव्हते. तो डोळे फाडून धुराकडे बघत होता. पापणी लवली तरी त्याला स्वतःचा राग येत होता.

आणि नेमका एक केस त्याच्या डोळ्यात गेला.

तो ओरडला, खाली वाकला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच क्षणी वारा फिरला. बाईंच्या तोंडून असा आवाज निघाला की तो मान वर करू लागला. पण डोळ्यांतून पाण्याच्या धारा चालल्या होत्या. कसाबसा दुसरा डोळा उघडला तर समोर धूर. जसाच्या तसा.

"पाहिलंस?" बाई उभ्या राहिल्या होत्या. "ऐदाहिस! पाहिलंस ना?"

"नाही."

"अरे असं कसं? अख्खं उघडलं होतं! लाल, लाल, हलत होतं..."

"बाई, माझ्या डोळ्यात काच गेली."

बाई मटकन खाली बसल्या. काच त्यांनीच ओढणीच्या टोकाने काढली. मग आणखी थांबले. जेवढं थांबता येईल तेवढं थांबले. शेवटी बाईंना खोकल्याची अशी उबळ आली की त्यांच्या ओठांचा रंग बदलला. तेव्हा ऐदाहिसनेच त्यांचा हात धरला आणि वर चढायला लावलं.

खोपट्यांवरून उंट घेऊन दोघं डोंगर उतरू लागले. मग बाई हळूच म्हणाल्या, "हे बघ, आग आहे. हे तर खरं आहे. मी शपथेवर सांगते. मग तू 'पाहिली' म्हटलंस तर खोटं काय त्यात?"

 ऐदाहिसच्या मनात तेच घोळत होतं. बाजूला बसलेल्या माणसाने पाहिली, तो स्वतः हातभर अंतरावर होता. धारा लागल्या नसत्या तर पाहिलीच असती. आणि या वेळी कुणी गुराखी येऊन त्याला खोटं पाडणार नव्हता. डोंगर त्याच्या बाजूने होता. पहिल्या वेळी तो हरला, कारण आग विझली नव्हती. आता आग होती. एक शब्द बोलायचा होता, आणि उद्यापासून शेळी व्याली की लोक 'हां' म्हणून बसून राहणार होते.

"तुम्हाला काय वाटतं, सांगू 'पाहिली' म्हणून?" त्याने विचारलं.

"मी बत्तीस वर्षं तेच केलं," बाई म्हणाल्या. "पोरांना सांगायचे, जणू कडेवर उभी राहून आले. पोरांनी विश्वास ठेवला. वाईट काही झालं नाही." थोडं चालून त्या पुन्हा म्हणाल्या, "पण आज आत बघितलं ना, तेव्हा कळलं, मी जे सांगत होते ते हे नव्हतं."

ते उतरताना कुणीतरी दुरून पाहिलं होतं, त्यामुळे विहिरीवर बातमी आधीच पोचली होती. बाभळीखाली पंधरा-वीस जण बसले होते, मध्ये वाग्रिस. अफदेराकडे धान्य घेऊन जाणारा उतबान आपले लादलेले उंट उभे करून मुद्दाम थांबला होता. दहाबो बायकांमध्ये मागे उभी होती. तिने नवऱ्याचा लाल, सुजलेला डोळा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

हात ओठांना लावून झाले. सगळे बसले. बाईंनाही चटई दिली. उतबान ऐदाहिसच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला.

"सांग," वाग्रिस म्हणाला.

ऐदाहिसने निघाल्यापासून सुरुवात केली. "काल ऊन कलताना निघालो. उंट ठीक. वाटेत माणूस भेटला नाही. हे पाहिलं. खोपट्यांपैकी तिसऱ्याचं छप्पर पडलंय, पाहिलं. पहाटे कडेला गेलो. नव्या दगडात माझा पाय गेला. मी बाईंना सांगत होतो कुठे पाऊल ठेवायचं, आणि मीच पडलो. बाईंनी ओढून काढला."

कुणीतरी फिसकन हसलं. दहाबोच असावी.

"कडेला धूर होता. पाहिला. आत आवाज होता, तो माझ्या कानांनी ऐकला." तो थांबला. वीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. शब्द जिभेवर येऊन बसला होता, हलकासा, एकच.  "आग पाहिली नाही. माझ्या डोळ्यात काच गेली, मी खाली वाकलो, तेवढ्यात धूर फाटला आणि मिटला. आग या बाईंनी पाहिली. मी त्यांच्याकडून ऐकलं."

 ऐदाहिसला वाटलं, संपलं. लागोपाठ दोनदा वर गेला आणि दोन्ही वेळा पाहिलं दुसऱ्यानेच, असा वाटाड्या या कुळात झाला नसेल.

वाग्रिस बाईंकडे वळला. त्याने वरच्या मुलखातल्या बाजारांत वीस वर्षं मीठ विकलं होतं, बाईंची अम्हारी तो अस्सल बाजारी बोलायचा; त्यांचं बोलणं तो बाकीच्यांना सांगत गेला.

"बाई, तुम्ही काय पाहिलं?"

बाईंनी पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि वर्गात उभ्या राहिल्यासारख्या सुरू झाल्या. "आगीचं तळं! आमच्या देसेच्या फुटबॉलच्या मैदानाएवढं! लाटा येत होत्या, लालभडक, सोन्यासारख्या..."

"किती वेळ दिसलं?"

"बराच वेळ."

"बराच म्हणजे? उंट उठवायला लागतो तेवढा?"

"नाही, तेवढा नाही."

"पाण्याचा घोट प्यायला लागतो तेवढा?"

बाई विचारात पडल्या. "मी श्वास घेतला. तो सोडायच्या आत गेलं."

"मग मैदान मोजलं कधी?"

सगळे खो खो हसले. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं. मग डोळेही मिटले आणि तशाच बसल्या. बोलल्या तेव्हा आवाज बसका होता.

"डाव्या हाताला, खाली. लाल होतं. मध्ये काळी साय धरत होती आणि फाटत होती. केवढं होतं ते मला माहीत नाही. काठ दिसला नाही."

"हां," वाग्रिस म्हणाला. "आता आम्हालाही दिसलं."

मग तो ऐदाहिसकडे वळेल, काही बोलेल असं सगळ्यांना वाटलं. पण तो काठी टेकून उठला आणि उतबानला म्हणाला, "निघ. उशीर होतोय."

उतबान उठला. एकदा मनाशी पुटपुटला, पाठ केल्यासारखं, आणि उंट हाकत मिठाच्या पांढऱ्या मैदानात उतरला.

"काय ठरलं?" बाईंनी विचारलं. "सुटलास का?"

"माहीत नाही," ऐदाहिस म्हणाला. "उतबानने माझी दागू पुढे न्यायला घेतली की नुसती ऐकली, ते त्यालाच माहीत."

तो विहिरीच्या काठावर बसला आणि उतबानच्या पाठीकडे बघत राहिला. दहाबोने त्याच्या डोळ्यावर बकरीच्या दुधात भिजवलेली फडक्याची घडी ठेवली. बाईंना कॉफी दिली. कॉफीचा दुसरा पेला भरला तेव्हा दूर मैदानात समोरून एक माणूस येताना दिसला. दोन ठिपके जवळ आले. थांबले. बुटके झाले.

"बसले," दहाबो म्हणाली.

"पाण्याचं सांगत असेल," ऐदाहिस म्हणाला.

"एवढा वेळ?"

"लग्नाचं सांगत असेल. उतबानच्या भाचीचं आहे."

ठिपके बसूनच राहिले. ऐदाहिसने कॉफी हातात घेतली ती प्यायलाच विसरला. अखेर दोघे उठले, उतबान पुढे गेला आणि दुसरा माणूस विहिरीकडे येऊ लागला. तो पलीकडच्या पाड्यावरचा गामा होता, लांब ढांगा टाकणारा. आला, हात ओठांना लावला, आणि बसायच्या आधीच वाकून ऐदाहिसच्या तोंडाकडे निरखून बघायला लागला.

"बाईंनी ओढून काढलं तो तूच का?"

ऐदाहिसचा पेला कलंडला. दहाबोने तोंडावर पदर धरला. मागे कुणीतरी मोठ्याने हसलं, आणि वाग्रिस तंबाखू मळता मळता दुसरीकडे बघायला लागला.

"तूच," गामा म्हणाला. "पण काच तर उजव्या डोळ्यात गेलेली दिसते. उतबान म्हणाला, डाव्या."

"ऐकलं म्हणाला?" वाग्रिसने तंबाखू मळायची थांबवली.

"नाही, अब्बा. पाहिलं म्हणाला. म्हणाला, समोर बसून पाहिला, डावा डोळा."

"समोर बसला होता ना तो!" ऐदाहिस उठलाच. "समोरून बघितलं म्हणून त्याला उलटं दिसलं! अरे, तो अफदेराला जाऊन तेच सांगेल. तिकडून कुणी येईल, माझा डोळा बघेल, आणि मग उतबानला या बाभळीखाली बसावं लागेल!"

"जाऊ दे की," दहाबो म्हणाली. "डोळा तो डोळा."

"डोळा तो डोळा नाही!" ऐदाहिसने चपला पायात सरकवल्या, एक उलटी. "त्याची माणसं उद्या त्याची शेळी बघायला जातील. तुला काय माहीत ते काय असतं!"

"मला नाही माहीत? दूध कुणाचं गेलं होतं?"

पण तो ऐकायला थांबला नाही. लंगडत, एक डोळा झाकून, तो मैदानात उतरला होता. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता, "उतबान! उजवा! ए उतबान, उजवा!"

"ही दागू आहे की शाळेची हजेरी?" बाई कौतुकाने म्हणाल्या आणि छत्री उघडून कडेला उभ्या राहिल्या. दूर उंटांची रांग थांबली. उतबानने मागे वळून बघितलं, येणारा माणूस ओळखला, आणि उन्हातच, आहे तिथे, उकिडवा बसला.